गोधडी

वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे तीन-चार किंवा अधिक थर एकावर एक ठेवून व ते हाताने घातलेल्या धावदोऱ्याच्या टाक्यांनी सर्वांगी शिवून तयार केलेले पांघरूण वा अंथरूण. गोधडीत कापूस भरलेला नसतो, ही गोष्ट तिला रजई आणि दुलई यांपासून वेगळी करते. तिच्यातील ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते आणि जाडी कापडाचीच असते. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तिला ‘वाकळ’ म्हणतात. सीमाभागात व उत्तर कर्नाटकात ‘कौदी’ हा शब्द रूढ आहे. तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या लहान, पातळ गोधडीला ‘दुपटे’ हे स्वतंत्र नाव आहे. पुणे शहरात हे सर्व शब्द कानी पडतात, कारण आजच्या पुणेकरांत घाटमाथ्यावरून, सोलापूरकडून आणि मराठवाड्यातून आलेल्यांचा भरणा मोठा आहे.

जुनी वस्त्रे जोडून नवे वस्त्र करण्याची कल्पना भारतात फार प्राचीन आहे. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द ठिगळे लावलेल्या अशाच वस्त्राचा वाचक असून बंगालमधील कांथा हे नाव त्याच्याशी जोडले जाते. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवावयाचे असे व त्याच्या रचनेला मगधातील बांधबंदिस्तीच्या भातखाचरांचा नमुना विनयग्रंथात सांगितला आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत. महाराष्ट्रात या वस्त्राला वैराग्याचाही अर्थ चिकटला. चिंध्यांचा अंगरखा घालून गावोगाव हिंडणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा असेही म्हणत. तथापि बैराग्याची कंथा आणि गृहिणीची गोधडी यांत एक भेद लक्षात घ्यावयास हवा. पहिली दारिद्र्य दाखविण्यासाठी असते. दुसरीत जुनेपण झाकले जाते आणि रंग तेवढे वर आणले जातात.

साहित्य : गोधडीचे मूळ माप नऊवारी लुगड्याने ठरविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. नऊ वार म्हणजे सु. ८·२ मी. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून किंचित अधिक भरतो, आणि लुगड्याचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याच्या व गुडघ्याच्या जागी ते विरते, तर निऱ्यांचा भाग पुष्कळ काळ घट्ट राहतो. अनुभवी बाई कापड उजेडासमोर धरून हे पाहून घेते व विरलेला भाग आतल्या थरांत, धड भाग वर अशी वाटणी करते. आतील थरांसाठी धोतरे, उपरणी, पंचे, फाटक्या चादरी असे काहीही चालते. काठ जाड असल्याने ते थरांत ठेवल्यास सुई अडते. म्हणून ते कापून घेऊन कडेच्या गोटासाठी वापरतात. वरच्या थरासाठी पुरेसे मोठे कापड नसल्यास चोळीच्या खणांचे, परकरांचे व शिंप्याकडील कातरणीचे तुकडे जोडून तो भरून काढतात. गोधडीचा रंगीबेरंगीपणा मुळात या टंचाईतून आलेला आहे.

कृती : जमीन सारवून किंवा पुसून खालचा थर प्रथम ताणून अंथरतात. त्यावर आतले थर व शेवटी वरचा थर ठेवून चारी कडा आत दुमडतात आणि मोठे, सैल टाके घालून सगळे टाचून घेतात. नंतर खरे शिवण सुरू होते. पश्चिम महाराष्ट्रात आढळणाऱ्या एका पद्धतीत ते एका कोपऱ्यापासून कडेकडेने निघते, चारी बाजूंनी फिरून पुन्हा त्याच कोपऱ्याशी येते, तेथून बोट-दोन बोटे आत सरकते व असे आत आत जात मध्यावर संपते. अन्यत्र सरळ उभ्या ओळी घालतात. कडेकडून आत येताना कापडाचे फुगे मध्याकडे ढकलले जातात व शेवटी तेथे चुण्या पडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी डाव्या तळहाताने कापड सतत बाहेरच्या बाजूस सारत राहावे लागते. गोधडी नवशिकीने शिवली की जाणतीने, हे ओळखण्यासाठी जाणकार बायका प्रथम तिचा मध्य पाहतात.

या कामातील श्रमाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. दोन मीटर लांब व १·२ मी. रुंद गोधडीत दोन ओळींमधील अंतर दोन सेंमी. धरल्यास शिवणीची एकूण लांबी १२० मी. होते. दर सेंमी.ला एक टाका धरला, तर बारा हजार टाके होतात आणि दोरा १२० मी.हून थोडा अधिक लागतो. रोज दोन मीटर शिवण झाली, तर अशी एक गोधडी साठ दिवसांत पुरी होते. शेतीची कामे थंडावलेली असतात ते चैत्र व वैशाख हे दोन महिने नेमके तेवढेच आहेत. गोधड्या उन्हाळ्यात शिवून पावसाळ्यापूर्वी संपविण्याचा प्रघात या हिशेबाशी जुळतो. पेठांतल्या वाड्यांतून शेतीचे वेळापत्रक नव्हते. तेथे दुपारची झाकपाक झाल्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंतचा वेळ हा गोधडीचा वेळ असे.

गोधडीला चौकट लागत नाही, ही या तंत्रातील महत्त्वाची गोष्ट होय. अमेरिकेत वाकळीसारखी पांघरुणे शिवताना ती पुष्कळदा लाकडी चौकटीवर ताणून बसवीत. अशी चौकट खोलीचा बराच भाग अडवून ठेवते. गोधडी मात्र मांडीवर व जमिनीवर शिवली जाते. मूल रडले, दाराशी कोणी आले, दूध उतू जाऊ लागले, तर सुई कापडात खोचून गोधडीची वळकटी करावयाची व ती दांडीवर टाकावयाची. धावदोरा अर्धवट सोडला तरी उसवत नाही. ज्यांच्या वेळावर इतरांचाच अधिकार असतो अशा व्यक्तींनी घडविलेले हे तंत्र आहे, हे त्याच्या प्रत्येक तपशिलातून दिसते. एकाच गोधडीवर सासू, सून व शेजारीण अशा तिघींचे टाके असू शकतात. ते एकमेकींहून निराळे दिसतात आणि कोणी ते उसवून सारखे करीत नाही.

सजावट हा स्वतंत्र भाग क्वचितच असतो. दोऱ्याचा रंग कापडाहून वेगळा निवडणे, मधोमध वेगळ्या रंगाचा चौकोन बसविणे, चारी कोपऱ्यांना तिकोनी ठिगळे लावणे एवढ्यावर बहुधा भागते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’त हीच तत्त्वे अधिक मोकळेपणाने वापरलेली दिसतात. बिहारच्या सुजनीत व बंगालच्या कांथ्यात मात्र टाक्यांनी चित्रे काढतात आणि तेथे शिवणाची सीमा ओलांडून भरतकामाचा प्रांत सुरू होतो.

दुपटे व क्रोशाकाम : तान्ह्या मुलासाठी नवे, कोरे कापड टोचरे म्हणून टाळतात. आजी-पणजीच्या लुगड्याचे दुपटे शिवण्याची रीत याच कारणाने सर्व जातींत व आर्थिक स्तरांत टिकून आहे. बाळंतविड्यात दुपट्यांसोबत झबली, टोपडी व कुंची असतात. याच बाळंतविड्यातून क्रोशाच्या विणकामाने मराठी मध्यमवर्गीय घरात चांगले बस्तान बसविले. पुण्यात स्त्रियांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या सेवासदनसारख्या संस्थांनी (१९०९) शिवण व भरतकाम यांना अभ्यासक्रमात स्थान दिले आणि सुईदोऱ्याचे काम घरकामाबरोबरच शिक्षणाचाही विषय झाले.

क्रोशाने विणलेले रंगीत पांघरूण हे गोधडीचे जवळचे नातलग म्हणता येईल. या सुईच्या टोकास आकडा असतो व विणताना एका वेळी एकच टाका मोकळा राहतो. दोन सुयांच्या विणकामात मात्र पूर्ण ओळीचे टाके सुईवर असतात व सुई निसटल्यास ते सुटतात. त्यामुळे क्रोशाचे कामही केव्हाही थांबविता येते. चार-सहा साखळ्यांचे कडे करून त्याभोवती तीन-तीन खांबांचे गट घालीत गेले व चार ठिकाणी साखळ्यांनी कोपरे काढले, की चौकोन तयार होतो. उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांतून असे दहा सेंमी.चे चौकोन वेळ मिळेल तसे विणून डब्यात साठवितात. वर उल्लेखिलेल्या मापाच्या पांघरुणाला असे २४० चौकोन लागतात. (बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो, पण भाषेने ते अद्याप मान्य केलेले नाही.) चौकोन जोडण्याची ही युक्ती कितीही वाढविता येते. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे अनेक स्त्रियांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८·५ चौ. मी. क्षेत्रफळाचे क्रोशाचे पांघरूण मांडण्यात आले व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. मात्र एक फरक मूलभूत आहे. क्रोशाचे काम उसवून तीच लोकर पुन्हा विणता येते. गोधडीतील कापडाला परतीचा मार्ग नसतो.

वापर : पुण्यात जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी ११° से.च्या आसपास असते. अशा थंडीला एक जाड गोधडी पुरेशी होते. पातळ गोधडी उन्हाळ्यात अंथरण्यास व पावसाळ्यात पांघरण्यास वापरतात. वर्षातून एकदा, घटस्थापनेपूर्वी, घरातील सर्व गोधड्या नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुण्याची चाल ग्रामीण भागात आहे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. ती सोड्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवितात, दगडावर आपटतात आणि दोघी दोन टोके धरून पिळतात. धुण्याने टाके आत रुततात, थर एकजीव होतात आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या येतात. गोधडीचा परिचित स्पर्श अशा दोन-तीन धुण्यांनंतरचा असतो.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : गोधडी मागे पडण्याचे कारण म्हणून सोलापुरी चादर, पानिपतची यंत्रावर केलेली ब्लँकेटे आणि बायकांना न उरलेला वेळ यांकडे बोट दाखविले जाते. ही कारणे खरी असली, तरी अपुरी आहेत. गोधडीवर निर्णायक आघात झाला तो कच्च्या मालाच्या बाजूने. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली तेव्हा चार तुकड्यांऐवजी दोनच तुकडे निघू लागले. पाठोपाठ नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. हे कापड घाम शोषत नाही, थरांत एकमेकांवरून सरकते आणि वर्षानुवर्षे वापरूनही मऊ पडत नाही. त्याच सुमारास जुन्या कपड्यांना दुसरे गिऱ्हाईकही मिळाले. बोहारणीच्या टोपलीतील स्टीलच्या पातेल्याने लुगड्यांची मोजणी सुरू केली आणि जे कापड गोधडीत जावयाचे, ते भांड्यांच्या मोबदल्यात जुन्या बाजारात जाऊ लागले. गृहिणीने केलेला हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पातेले लगेच मिळत होते, गोधडीला साठ दुपारी लागत होत्या.

एकविसाव्या शतकात गोधडीकडे पुन्हा लक्ष वळले आहे. पुण्यातील भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या गोधड्या विक्रीस येतात. दुकानांतून मिळणाऱ्या पुष्कळ गोधड्या यंत्रावर शिवलेल्या असतात. त्यांच्या ओळी एकसारख्या व घट्ट असल्याने थरांत हवा कमी राहते आणि पांघरूण ताठ होते. शिवाय त्यांसाठी नवे छापील सुती कापड विकत घेतात, म्हणजे जुन्याला उपयोगात आणण्याचा मूळ हेतूच उलटा होतो. हाताने शिवलेल्या गोधडीची मजुरी नगावर ठरते. नग एकच असला तरी टाके बारा हजार असतात, हे दर ठरविताना सहसा मोजले जात नाही. घरासाठी शिवताना त्या वेळाचे मोल कोणी मागत नव्हते, आणि तोच फुकटपणा बाजारभावातही शिरला आहे. या बाबतीत अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीचे उदाहरण बोलके आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली पांघरुणे २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडली गेली व ती शिवणाऱ्या स्त्रियांची नावे कलावंत म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्रातील गोधडीवर नाव घालण्याची पद्धत नाही.

जुन्या गोधड्यांचे नमुने फारसे न आढळण्याचे कारण त्यांच्या वापरक्रमात आहे. नवी गोधडी पाहुण्यांसाठी कपाटात किंवा उतरंडीजवळ घडी घालून राहते. काही वर्षांनी ती घरच्यांच्या वापरात येते, मग मुलांच्या अंथरुणात जाते. वरचा थर फाटला, की तिच्यावर नवा थर घालून ती पुन्हा शिवतात आणि जुनी गोधडी नव्या गोधडीचे अस्तर बनते. त्यापलीकडे गेलेली गोधडी थंडीत बैलाच्या किंवा वासराच्या पाठीवर पडते, दाराशी पायपुसणे होते आणि अखेरीस तिचे पोतेरे होते.