वडिलांचा शब्द पाळणारा कर्णधार

२९ जुलै १९४८. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर स्वतंत्र भारताचे पथक पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या संचलनात उतरले. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव त्या वर्षीच्या पथकात होते. तिरंगा होता फुटबॉल संघाच्या कर्णधाराच्या हाती. तीस वर्षांचे हे कर्णधार नागा टेकड्यांतले, नाव तालिमेरेन आओ. आणि तेव्हा ते अजून डॉक्टरकी शिकत होते!

आओंचा जन्म २८ जानेवारी १९१८ चा, मोकोकचुंग भागातल्या चांगकी गावचा. वडील सुबोंगवती बाप्टिस्ट धर्मोपदेशक, घरात बारा भावंडे, तालिमेरेन त्यांतले चौथे. इम्पुरच्या मिशनच्या आवारात चिंध्यांच्या चेंडूवर मुलांचा खेळ रंगायचा. १९३५ मध्ये विषमज्वराने वडील गेले. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या माणसांची सेवा करावी, ही त्यांची शेवटची इच्छा होती. सतरा वर्षांच्या तालिमेरेनने ती मनाशी धरली.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकताना ते तिथल्या महाराणा क्लबकडून खेळू लागले. १९४२ मध्ये कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर कॉलेजात, त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानची जर्सी अंगावर आली. तो काळ महायुद्धाचा आणि बंगालच्या भीषण दुष्काळाचा. अशा शहरात दिवसा शरीरशास्त्राचे धडे आणि मैदानावर मधल्या फळीत उभे राहून प्रतिस्पर्ध्याच्या चढाया तोडणे, असा त्यांचा दुहेरी दिनक्रम सुरू झाला. सैलेन मन्नांसारखे बचावपटू त्यांचे साथीदार होते. पुढे क्लबचे नेतृत्वही आओंकडे आले.

युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. त्यामुळे १९४८ मध्ये भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरला तेव्हा त्याच्यापाशी या स्पर्धेच्या अनुभवाचा कोणताच आधार नव्हता. पहिलीच गाठ फ्रान्सशी. ३१ जुलैला इलफर्डच्या क्रिकलफील्ड मैदानावर आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले. फ्रान्सने आघाडी घेतली, सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या आणि सामना संपत आला असताना फ्रान्सने विजयी गोल केला. निकाल २-१. संघ हरला, पण इंग्लंडमधल्या प्रेक्षकांची मने त्याने जिंकली.

कीर्तीच्या शिखरावर असताना माणूस काय निवडतो, यावर त्याची पारख होते. आओंनी १९५० मध्ये एमबीबीएसची पदवी घेतली आणि कोलकात्यात दवाखाना थाटून स्थिरावण्याऐवजी ते ईशान्येकडे परतले. १९५३ मध्ये कोहिमात सहायक सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. डोंगराळ मुलूख, विखुरलेली खेडी, तुटपुंजी साधने आणि त्यात धगधगता राजकीय संघर्ष. ज्यांच्यासाठी वडिलांनी डॉक्टर व्हायला सांगितले होते, ती माणसे इथेच होती.

१ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड स्वतंत्र राज्य झाले. त्याच वर्षी आओ तिथले आरोग्य सेवा संचालक झाले आणि नव्या राज्याची आरोग्यव्यवस्था उभारण्याचा भार त्यांच्या खांद्यावर आला. १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो वाहिला. फुटबॉलच्या मैदानापेक्षा कितीतरी अधिक वर्षे त्यांनी रुग्णांसाठी दिली.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल कर्णधाराचे नाव महाराष्ट्रात आज किती जणांना ठाऊक आहे? शाळेत खाशाबांची गोष्ट सांगताना १९४८ च्या या ध्वजवाहकाचीही सांगायला हवी. ईशान्येकडच्या राज्यांनी त्यांची आठवण जपली आहे. २००९ मध्ये तिथल्या संघांसाठी त्यांच्या नावाच्या करंडकाची स्पर्धा सुरू झाली. त्या करंडकाचे नाव आहे ‘डॉ. टी. आओ ट्रॉफी’, वडिलांनी मागितलेले ‘डॉक्टर’ तिथे नावाच्या आधी लागलेले आहे.