कोसीचे 'अचानक' वळण

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे कोसी नदीचा पूर्वेकडील बांध फुटला आणि सोडून दिलेल्या जुन्या पात्रांतून नदी बिहारात घुसली. ३० लाखांवर माणसे तीत सापडली. नदीने अचानक मार्ग बदलला, असे त्या वेळी सर्रास बोलले गेले. यातील 'अचानक' हा शब्द आम्हांस मान्य नाही.

कोसी सरकते, हे अठराव्या शतकापासूनचे नकाशेच सांगतात. सुमारे अडीचशे वर्षांत ती १०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेस गेली. हिमालयातून येणारा अमाप गाळ सपाटीवर बसतो, पात्र उथळ होते आणि पाणी शेजारचा सखल भाग धरते. १९५० नंतरच्या दशकात दोन्ही तीरांवर बांध घालून तिला जखडण्यात आले. गाळ मात्र आतच साचत राहिला आणि पात्र बाहेरच्या शेतांहून उंच झाले. असा बांध कोठे खचेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. वर्षावर्षाची उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवावीत, मुख्य धार कोणत्या तीराकडे झुकते ते पाहावे, बांधाच्या पायथ्याशी पाणी किती खोल खणते ते मोजावे. आमच्या खाजनांत खेकड्याने बांधाला बीळ पाडले, तर जाणता शेतकरी पुढच्या मोठ्या भरतीची वाट पाहत नाही.

कुसह्याला धार पूर्व बांधास भिडलेली होती. ती वळविण्यासाठी उभारलेले दगडी अटकाव बांध फुटण्याच्या कित्येक दिवस आधीपासून ढासळत होते. बांधाची रचना ९.५ लाख क्युसेक प्रवाहासाठी होती. फुटला तेव्हा पाणी होते सुमारे १.४४ लाख क्युसेक, म्हणजे सहाव्या हिश्शाहूनही कमी! महापुरावर खापर फोडण्याची सोयही उरली नाही. भूमी नेपाळची, करारान्वये जबाबदारी भारताची, प्रत्यक्ष देखभाल बिहार सरकारची. इतके उंबरठे झिजवून कागद परत येईतो नदी थांबत नाही.

पुढे भगदाड बुजवून धार पुन्हा बांधांच्या आत नेण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये कोसी बंधाऱ्यातून ६.६१ लाख क्युसेक पाणी सुटले आणि या खेपेस दरभंगा जिल्ह्यात पश्चिमेचा बांध फुटला. (दोन्ही बांधांच्या मध्ये राहणाऱ्या लाखोंची कथा निराळीच, त्यांच्यासाठी बांध घातलाच नव्हता.) धार कोणत्या तीरास लागली आहे, याची मोजणी दरवर्षी वैशाखातच तेथल्या ग्रामपंचायतींपुढे जाहीर मांडली जावी आणि बांधावर दगड टाकण्याचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याकडे असावा, एवढी आमची मागणी आहे.