कुत्र्याच्या पिल्लांचे मलमूत्र-प्रशिक्षण

कुत्र्याच्या पिल्लाला ठरावीक जागी किंवा घराबाहेर मलमूत्रविसर्जन करण्याची सवय लावणे, तसेच ती सवय पक्की होईपर्यंत रात्रीची घाण मर्यादित जागेत राहील अशी व्यवस्था करणे, यास मलमूत्र-प्रशिक्षण असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच ‘शी-शूची सवय लावणे’ म्हणतात. ‘घर घाण करते’ ही हौसेने आणलेले पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडून देण्यामागील एक नेहमीची तक्रार असते. वास्तविक हा दोष पिल्लाचा नसून बहुधा अपुऱ्या व्यवस्थेचा असतो.

शारीरिक मर्यादा

जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लू स्वतःहून मलमूत्रविसर्जन करू शकत नाही. आई त्याचे अंग चाटून ती क्रिया घडवून आणते व जागाही स्वच्छ ठेवते. त्यानंतर पिल्लू झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागते. प्रशिक्षण म्हणजे या उपजत प्रवृत्तीला वळण देणे होय. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखालच्या पृष्ठभागाची आवड ठरू लागते. मातीवर वाढलेले पिल्लू माती शोधते, तर फरशीवर कोंडलेले पिल्लू फरशीच पसंत करते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करण्यास 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार बंदी आहे.

मूत्राशयावरील ताबा वयानुसार वाढतो. पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवला असता जी संख्या येते, साधारण तितके तास ते लघवी रोखू शकते, असा ठोकताळा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांपेक्षा अधिक अपेक्षा धरू नये. झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत त्याला बाहेर नेल्यास बहुतेक काम साधते. योग्य जागी विधी उरकताच, दोन क्षणांच्या आत, शाबासकी किंवा खाऊ द्यावा. घरात परतल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध पिल्लाला लागत नाही. केलेल्या घाणीत नाक घासण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. तिने पिल्लू इतकेच शिकते की माणसासमोर हे करणे धोक्याचे आहे, आणि मग ते कॉटखाली किंवा कणगीमागे जाऊ लागते.

रात्रीची व्यवस्था

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात कारवानी व लांब केसांची पश्मी ही शिकारी कुत्री परिचित आहेत. ती शेतावर किंवा अंगणात वाढत असल्याने तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उद्भवतो तो पिल्लू माळवदाच्या घरात, वाड्याच्या ढाळजेत अथवा शहरातील सदनिकेत झोपू लागल्यावर.

रात्रीसाठी पिंजरा किंवा अडसर लावलेला कोपरा वापरतात. पिंजरा पिल्लाला उभे राहता, वळता व पाय पसरून झोपता येईल इतकाच असावा. तो फार मोठा असल्यास पिल्लू एका टोकाला झोपते आणि दुसऱ्या टोकाला घाण करते. कोंबड्यांचे डालगे उपडे घालून पिल्लू त्याखाली ठेवणे हा सोयीचा उपाय वाटतो. परंतु त्यात वळायलाही जागा नसेल तर पिल्लाला स्वतःच्याच घाणीत झोपावे लागते, आणि एकदा ती किळस मेली की पुढचे शिक्षण फार अवघड होते. आखूड दोरीने रात्रभर बांधून ठेवण्यानेही तेच घडते. शिवाय आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 अन्वये गुन्हा आहे.

शेवटचे जेवण झोपेच्या तीन-चार तास आधी द्यावे. पाणी मात्र तोडू नये; चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी मध्यरात्री आणि पहाटे असे दोनदा उठणे भागच असते. त्या वेळी दिवे लावून खेळवू नये. बाहेर न्यावे, विधी उरकू द्यावा आणि परत झोपवावे. उठणे शक्य नसल्यास मोठ्या कोपऱ्यात एका बाजूस अंथरूण आणि दुसऱ्या बाजूस जाड वर्तमानपत्र किंवा माती भरलेले पसरट घमेले ठेवावे. पिल्लू पुढे बाहेर मातीवरच जाणार असेल तर घमेले अधिक बरे. कागदाची सवय लागलेल्या पिल्लाला शिळा अंक व आजचा अंक यांतील फरक कळत नाही, म्हणून वाचकाने आपला पेपर जमिनीवर ठेवू नये.

स्वच्छता व आरोग्य

वास राहिला की पिल्लू त्याच जागी परतते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड असून तिच्या सांध्यांत लघवी मुरते. व्हिनेगर अथवा संडास साफ करण्याचे आम्ल वापरल्यास दगड झिजतो. ओल टिपून घेऊन साबणाच्या पाण्याने धुणे किंवा विकरयुक्त द्रावण वापरणे योग्य. सारवलेल्या जमिनीवरील ओली माती खरवडून तेवढा भाग पुन्हा सारवावा. लघवीवर थेट ब्लीच ओतू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

पिल्लांच्या विष्ठेत बहुधा गोलकृमींची अंडी असतात. ती काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात व मातीत अनेक महिने टिकतात. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेल्यास अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यांतही पोहोचतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. पार्व्हो रोगाचे लसीकरण पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री वावरणाऱ्या उकिरड्याजवळ विधीसाठी नेऊ नये. सवय लागलेले पिल्लू अचानक वारंवार थोडी थोडी लघवी करू लागल्यास तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. घरचे माणूस परतताच आनंदाने वा भीतीने लघवी सुटणे ही मात्र वेगळी बाब असून बहुतेक पिल्लांमध्ये ती वयाबरोबर कमी होते.