हक्कासाठी लढली मुलं!

दोस्तांनो, वाचनालयाचं कार्ड काढायला काय लागतं? एक अर्ज, थोडी अनामत आणि वाचनाचं वेड. पण १९५६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आणखी एक अट होती. कातडी गोरी हवी! सोळा वर्षांचा जॉन लुईस भावंडांबरोबर ट्रॉय गावच्या सार्वजनिक वाचनालयात गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं, ‘हे वाचनालय फक्त गोऱ्यांसाठी आहे.’

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडे शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते. याविरुद्ध कृष्णवर्णीयांनी दिलेला लढा म्हणजेच नागरी हक्कांची चळवळ. या चळवळीवर मुलांसाठी फार छान पुस्तकं निघाली आहेत. आणि मुख्य म्हणजे, त्यांतले बरेच नायक तुमच्याच वयाचे आहेत!

रुबी ब्रिजेसचंच बघा ना. १४ नोव्हेंबर १९६० या दिवशी सहा वर्षांची रुबी न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, तीही चार सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात! बाहेर ओरडणारा जमाव बघून तिला वाटलं, ही ‘मार्डी ग्रा’ उत्सवाचीच गर्दी! गोऱ्या पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून नेली. वर्षभर वर्गात फक्त दोघी होत्या, रुबी आणि तिच्या शिक्षिका बार्बरा हेन्री. इकडे रुबीच्या वडिलांची नोकरी गेली, पण रुबीची शाळा सुटली नाही. पुढे मोठी झाल्यावर तिने ही हकिगत ‘थ्रू माय आइज’ या पुस्तकात (१९९९) सांगितली. त्यातले फोटो बघताना आपण तिच्याबरोबर त्या पायऱ्या चढतो.

माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स तुम्हाला ठाऊक असतील. पण त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच शहरात पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्विन अशीच जागेवर बसून राहिली होती. पोलिसांनी तिला बेड्या घालून नेलं. पुढे ज्या खटल्यामुळे तिथल्या बसमधला भेदभाव बेकायदेशीर ठरला, त्यातल्या चार वादींपैकी ती एक होती. तरीही अनेक वर्षं तिचं नाव मागेच राहिलं. फिलिप हूज यांनी तिच्याशी बोलून लिहिलेलं पुस्तक २००९ मध्ये आलं, आणि ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ घेऊन गेलं.

कादंबरी आवडते? मग ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची ‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम – १९६३’ (१९९५) वाचा. थोरला बायरन थंडीत गाडीच्या आरशातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाचा मुका घेतो आणि त्याचे ओठ आरशाला चिकटतात! हसून हसून पुरेवाट होते. पण हेच कुटुंब बर्मिंगहॅमला पोहोचतं आणि हसू मावळतं. १५ सप्टेंबर १९६३ रोजी तिथल्या चर्चमध्ये खरोखरच बॉम्बस्फोट झाला आणि चार मुलींचे प्राण गेले. त्यांतली सर्वांत धाकटी अकरा वर्षांची होती.

आणि तो वाचनालयातून परतलेला जॉन? तो चळवळीचा नेता झाला. १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या माराने त्याचं डोकं फुटलं, तरी त्याने अहिंसा सोडली नाही. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. त्याची आत्मकथा ‘मार्च’ या तीन भागांच्या चित्रकथेत आहे, आणि तिसऱ्या भागाला २०१६ मध्ये तेच ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळालं. ज्याला पुस्तक नाकारलं, त्याच्याच पुस्तकाचा हा गौरव!

आपल्याकडची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे? साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला घरून आणलेल्या तरटावर बसावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची सोय नव्हती. ‘भीमायन’ (२०११) या पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची जीवनकथा रंगवली आहे. रुबीच्या पुस्तकाशेजारी ते ठेवून बघा.

आता थोडं आईबाबांसाठी. ‘एवढं कठोर वास्तव मुलांना कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे. रुबीच्या गोष्टीबद्दल २०२१ मध्ये टेनेसी राज्यातल्या काही पालकांनीही अशीच तक्रार केली होती. पण जे रुबीने सहाव्या वर्षी सोसलं, ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाने वाचूसुद्धा नये? फक्त त्याला एकटं सोडू नका. ‘थ्रू माय आइज’ शेजारी बसून वाचा. ‘मार्च’मध्ये मारहाणीची चित्रं आहेत, ते आठवीनंतर द्या.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेव्हा मुलांनो, शब्दकोश हाताशी असू द्या. आणि वाचून झालं की एक काम करा. आपल्या वर्गात डबा खाताना कुणी एकटंच बसतं का, ते बघा. बसत असेल तर आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जा!