ठणका थांबला, पण रोग थांबला का?

दाढ ठणकली की रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची आणि पाण्यात पडलेला ‘किडा’ पाहून समाधान मानायचे, हा प्रकार आमच्या वस्त्यांतून अजून पुरता गेलेला नाही. तो किडा दातातला नसतोच. दात किडवतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू.

गोड आणि पिठूळ अन्नाचे कण दातांत अडकतात, त्यांवर जंतू आम्ल तयार करतात, वरचे कवच विरघळते. खळगा खोल होत होत आतल्या मऊ गरापर्यंत जातो. त्यालाच आपण नस म्हणतो. जंतू तिथे शिरले की गर सुजतो. पण भोवती टणक भिंती, सुजायला जागा नाही. म्हणूनच तो जीवघेणा ठणका! पुढे रक्तपुरवठा तुटून गर मरतो आणि एके दिवशी ठणका आपोआप थांबतो.

फसगत होते ती इथेच. माणूस म्हणतो, मंत्र लागू पडला. प्रत्यक्षात मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, म्हणून औषधाची गोळीही पोचत नाही. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडतात, जबड्याचे हाड झिजते, पू साचतो. खालच्या दाढेचा पू कधी मानेत उतरून श्वास कोंडतो आणि माणूस दगावतो.

१९६५ साली काकेहाशी, स्टॅनले आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या दाढांना गरापर्यंत भोके पाडली. नेहमीच्या उंदरांचे गर सडले, मुळाशी गळू झाले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या उघड्या गरात अन्न कोंबले गेले, तरी तो जगला आणि जखम भरू लागली. जखम तीच, फरक फक्त जंतूंचा! तथागतांनी सांगितलेल्या कार्यकारणभावाला याहून सरळ दाखला कोणता हवा?

यावर उपाय दोनच. मुळाची नळी साफ करून बुजवणे, नाहीतर दात काढणे. पहिल्याला पैसा लागतो आणि बहुधा दोन-तीन खेपा. रोजंदारीवरचा आमचा बांधव खाडे कुठून करणार? तो दात उपटून मोकळा होतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पण खेड्यातल्या मजुराला तिथवरचे एसटीचे भाडेच जड जाते. मुळाच्या सफाईची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात झाली पाहिजे, ही आमची मागणी आहे. आणि ती होईपर्यंत ठणका थांबला तरी दात दाखवायला जाच.