घरच्या घरी ताटाळे : बांधणी सोपी, पण लाकूड कुठले?

ताटाळे म्हणजे धुतलेली ताटे उभी निथळत ठेवायची लाकडी चौकट. दोन पट्ट्या, दोन पाय आणि खुंट्या, एवढाच तिचा पसारा. घरात करवत, ड्रिल आणि गुण्या असेल तर दोन सुट्यांत होते. अडते ते लाकडापाशी. तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्यात तर जास्तच, कारण नागझिऱ्याचे एक प्रवेशद्वार याच गावाच्या नावाने आहे. साग दाराशी, पण हात लावायचा नाही.

जंगलात पडलेले लाकूड आणले तर?

नाही चालत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही, आणि सुकून पडलेली फांदीही वनोपजच. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे; डिसेंबर २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. 'एवढीशी तर फांदी' हा बचाव तिथे टिकत नाही.

तसे पाहिले तर ताटाळ्याला ओंडका लागतच नाही. परवाना असलेल्या आरागिरणीत दीड-दोन फुटांचे उरलेले तुकडे मिळतात. ते घ्या आणि पावती जपून ठेवा. त्याहून चांगली जुन्या घराची सागवानी चौकट : वर्षानुवर्षे वाळलेली, त्यामुळे आता मुरडण्याची भीती कमी. फक्त आतले खिळे आधी काढा, नाहीतर करवतीचे दात जातील. बीजा मात्र नको. भिजला की तो रंग सोडतो आणि इथे तर ओली ताटे रोजच ठेवायची.

मापे कशी घ्यावी?

आधी घरातले सर्वांत मोठे ताट मोजा. १२ इंची ताटासाठी १८ इंच लांब, दीड इंच रुंद आणि एक इंच जाड अशा दोन पट्ट्या घ्या. दोन्ही पट्ट्यांमध्ये पाच इंच मोकळी जागा राहू द्या. ताट त्यात अर्धा इंचाहून थोडे जास्त खाली बसते आणि लोळत नाही. पट्ट्यांच्या टोकांखाली नऊ इंचांचे, एक इंच जाडीचे दोन पाय आडवे लावा, म्हणजे ताटाची कड ओट्याला टेकणार नाही.

खुंट्या अर्ध्या इंच जाडीच्या, पट्टीच्या वर पाच इंच. दीड-दीड इंचावर भोके पाडली तर ११ खुंट्यांत दहा ताटे बसतात. ताटांचा काठ इंचभराहून उंच असेल तर अंतर वाढवा. खुंट्यांना वाळलेला भरीव बांबूही चालतो, पण कोवळा घेतला तर भुंगा लागतो.

खरी गोम भोकांत आहे. दोन्ही पट्ट्या एकत्र बांधून गुण्याने एकाच रेषेत खुणा करा. वेगवेगळ्या मोजल्या की खुंट्या समोरासमोर येत नाहीत आणि ताटे तिरकी उभी राहतात. भोक पाऊण इंच खोल, आरपार नको. जोडायला पाण्यात टिकणारा गोंद आणि पितळी स्क्रू घ्या. लोखंडी खिळा ओल्या सागात काळे डाग पाडतो.

शेवटचा हात कशाचा?

घाण्याचे कच्चे जवसाचे तेल. धानानंतर जवस घेणाऱ्या या भागात ते परके नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असू शकतात, म्हणून ते ताटांजवळ नको. पातळ हात द्या, उरलेले तेल पुसून काढा, आणि पुरते वाळले की दुसरा हात द्या. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस लागतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत हे काम काढू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवा, किंवा टाकण्याआधी पाण्यात बुडवून ठेवा.