फोनवर चालते, एडिटरमध्ये अडते

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावात वडशाची एखादी नाटक मंडळी उतरते, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. पूर्वी अशा प्रसंगांचे चित्रण लग्नाच्या कॅसेटी काढणारा स्टुडिओवाला करायचा. आता पुढच्या रांगेतले अर्धे प्रेक्षकच फोन उंचावून बसतात. दुसऱ्या दिवशी घरातला कॉलेजात जाणारा कोणीतरी ते सगळे लॅपटॉपवर उतरवतो, त्यातली दोन गाणी कापून पुण्याच्या काकाला पाठवायची म्हणून एडिटर उघडतो आणि स्पेसबार दाबतो. आवाज पुढे जातो, नायिका मात्र हात वर करून तिथेच उभी राहते.

तीच क्लिप फोनवर विनातक्रार चालते. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्येही चालते. मग दोष सॉफ्टवेअरचा, असे ठरते. ते काढून पुन्हा टाकले जाते, इंटरनेटवरून कसले तरी ‘कोडेक पॅक’ उतरवले जाते, आणि शेवटी लॅपटॉप जुना झाला असा निकाल लागतो. ही सगळी धावपळ बहुधा वाया जाते. अनोळखी ठिकाणचे कोडेक पॅक तर टाकूच नयेत. जुना त्रास राहतो आणि त्याच्या जोडीला नवा येतो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: क्लिप दरवेळी एकाच जागी अडते, की कधी इथे कधी तिथे? तिसरीही एक शक्यता असते. क्लिप अडत नाही, पण चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. या तीन खुणांवरून बहुतेक वेळा रोग कळतो.

आधी त्या फाइलीत असते काय ते पाहू. फोनच्या नेहमीच्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एका फ्रेमला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे मिनिटाला ११ गिगाबाइट. प्रत्यक्षात आयफोनची जुन्या एच.२६४ पद्धतीची क्लिप मिनिटाला साधारण १३० मेगाबाइट भरते, आणि एचईव्हीसी या नव्या पद्धतीची ६० च्या आसपास. म्हणजे जुन्या पद्धतीनेही ऐंशी-नव्वद भागांतला एक भाग ठेवून बाकीचे फेकून दिले आणि तरी आपल्याला काही कमी दिसत नाही.

या करामतीच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. नासिर अहमद १९४० साली बंगळूरुत जन्मले आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातली उजेड-अंधाराची चढउतार संथ आणि जलद लहरींच्या बेरजेत मांडायची आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे, अशी त्यांची कल्पना होती. १९७२ साली त्यांनी या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला आणि तो नाकारला गेला. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा छोटासा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज फोनमधला फोटो आणि मंडईचा व्हिडिओ, दोन्ही त्याच गणिताच्या वारसांवर उभे आहेत. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, क्लिपमध्ये धुळीच्या लोटात जे चौकोन-चौकोन दिसतात ते याच पद्धतीचे. सगळेच चित्र झपाट्याने बदलू लागले की ठरवून दिलेले बाइट पुरत नाहीत. तो दोष चित्रणातच असतो, एडिटरवर त्याचा राग काढून उपयोग नाही.

पण एकेक चित्र लहान करून एवढी बचत होत नाही. खरी बचत होते ती दोन चित्रांमधला फरक तेवढाच लिहून ठेवल्याने. नटी गात असते तेव्हा मागचा रंगवलेला पडदा हलत नाही. तो दर फ्रेमला नव्याने कशाला लिहायचा? म्हणून फाइलीत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ बदलांच्या नोंदी. सातबारा आणि फेरफार यांसारखे हे नाते आहे. आजची मालकी कळायला मूळ उतारा घ्यायचा आणि त्यानंतरचे सगळे फेरफार क्रमाने लावत यायचे. व्हिडिओत याहून एक विचित्र सोय आहे. काही फ्रेम पुढे येणाऱ्या फ्रेमचाही आधार घेतात, आणि असली नोंद कोणताही मंडळ अधिकारी मंजूर करणार नाही.

प्लेअर आणि एडिटर यांच्यातला फरक इथेच आहे. प्लेअर एका दिशेने जातो. मागची फ्रेम त्याच्या हाताशी असते, तो पुढचा फरक लावतो आणि सरकतो. एडिटरला मात्र तुम्ही सांगता: इथून कापा, चार फ्रेम मागे जा, आता उलटे चालवा, वरच्या पट्टीवर दुसऱ्या फोनचे चित्र लावा. एच.२६४ फाइली बनवणाऱ्या एक्स२६४ या प्रसिद्ध मोफत प्रणालीत दोन पूर्ण फ्रेममधले अंतर मूळ मांडणीप्रमाणे २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकते. म्हणजे २४९ वी फ्रेम दाखवायची तर आधीचा जवळजवळ सगळा गट उलगडावा लागतो, आणि तिथून एक फ्रेम मागे जायचे म्हटले की बहुतेक काम पुन्हा करायचे. फोनच्या क्लिपमध्ये हे अंतर सहसा बरेच कमी असते. इंटरनेटवरून उतरवलेल्या क्लिपमध्ये ते जास्त सापडते, म्हणून कोणी पाठवलेली लहानशी क्लिप कधी कधी फोनच्या मोठ्या क्लिपपेक्षा जास्त अडखळते. फाइलीचा आकार लहान म्हणजे यंत्राचे काम कमी, हा समज इथे उलटा पडतो. जितके जास्त दाबलेले, तितकी उलगडण्याची मेहनत जास्त.

फिरते अडखळणे, म्हणजे कधी इथे तर कधी तिथे थांबणे, बहुधा याच मेहनतीचे असते. उपायही त्यावरच हवा. शॉटकट, केडेनलाइव्ह, दा विंची रिझॉल्व्ह या सगळ्यांत ‘प्रॉक्सी’ची सोय आहे. सॉफ्टवेअर मूळ क्लिपची कमी ठिपक्यांची, सहज उलगडणारी प्रत बनवते, तुम्ही त्या प्रतीवर कापाकापी करता आणि शेवटी फाइल बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ क्लिप वापरते. प्रती बनायला वेळ लागतो, जागाही लागते. पण जुन्या लॅपटॉपसाठी एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. एवढे करायचे नसेल तर पूर्वदृश्याचा (प्रिव्ह्यूचा) आकार निम्मा किंवा पाव करून पाहावा. त्याने चित्र सुरळीत झाले तर यंत्र दमत होते हे सिद्ध झाले. पेनड्राइव्हवरूनच काम चालू असेल तर क्लिपा आधी लॅपटॉपच्या डिस्कवर घ्याव्यात. चार्जर काढलेला लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी मुद्दाम मंद चालतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि विदर्भातला उन्हाळा. लग्नसराई मे महिन्यात, पारा ४५ अंशांपलीकडे, आणि लॅपटॉप ठेवलेला गादीवर. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटे सगळे छान, नंतर धक्के, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा छान, असे घडत असेल तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी लॅपटॉप टेबलावर ठेवावा आणि पंख्याच्या जाळीतली धूळ काढावी.

आवाज येतो आणि चित्र पूर्ण काळे, हा प्रकार मात्र वेगळा. इथे यंत्र दमलेले नसते, त्याला ती भाषाच येत नसते. एच.२६४ हे मानक २००३ चे, एचईव्हीसी २०१३ चे. आयफोनने २०१७ पासून एचईव्हीसी धरले, अनेक अँड्रॉइड फोनांतही तो पर्याय असतो. २०१५ च्या आधीचे इंटेलचे प्रोसेसर ती पद्धत आपल्या खास सर्किटमध्ये पूर्णपणे उलगडू शकत नाहीत, आणि विंडोजलाही त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. व्हीएलसी उलगडण्याचे स्वतःचे साधन सोबत घेऊन फिरतो म्हणून तिथे चित्र दिसते. सोपा मार्ग म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी, सर्वत्र चालणारी पद्धत निवडणे. फाइली दुप्पट मोठ्या होतील, पण काम अडणार नाही.

आता दूर जाणारा आवाज. रात्रीच्या नाटकांत हा त्रास हमखास होतो आणि त्याचे कारण सुंदर आहे. मंचावरचे दिवे मंद झाले, शोकाचा प्रवेश आला, की फोनला उजेड कमी पडतो. मग तो प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम टिपतो. उजेड वाढला की पुन्हा ३०. प्रत्येक फ्रेमबरोबर तिची वेळ लिहिलेली असते, प्लेअर ती वेळ पाळतो. पण काही एडिटर सरसकट ३० धरून चालतात. समजा तासभराच्या प्रवेशात सरासरी २९.९ फ्रेम पडल्या. एक लाख आठ हजारांऐवजी ३६० फ्रेम कमी, म्हणजे चित्र तासाअखेरीस बारा सेकंद आधीच संपते आणि ऑर्गन मात्र वाजत राहतो. यावर क्लिपची लांबी ओढून-ताणून जुळवणारे लोक मी पाहिले आहेत. सुरुवात आणि शेवट त्याने जुळतो, मधले काही जुळत नाही, कारण फ्रेम सगळीकडे सारख्या प्रमाणात गळलेल्या नसतात. क्लिप आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘स्थिर फ्रेम दर’ हा पर्याय निवडून काढावी आणि मगच एडिटरमध्ये घ्यावी.

फरक वाढत जात नसेल, पहिल्या सेकंदापासून तेवढाच असेल, तर कानातले ब्लूटूथ काढून वायरीचे लावून पाहा. ब्लूटूथने आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो.

दरवेळी एकाच जागी अडणारी क्लिप मात्र गंभीरपणे घ्यावी. खात्री करायची तर तेवढाच तुकडा बाहेर काढून फोनवर पाहावा. तिथे ठीक दिसला तर केवळ पूर्वदृश्याचा त्रास होता. त्याच सेकंदाला तीच हिरवट चौकडी आली तर मूळ फाइलच बिघडलेली आहे. एखादी पूर्ण फ्रेम खराब झाली असेल तर तिच्यावर विसंबलेला सगळा गट बिघडतो, म्हणून दोष एका फ्रेमचा असूनही सेकंदभर दिसतो. अशा वेळी कार्डावरून क्लिप पुन्हा उतरवून पाहावी, नकल करतानाच गडबड झालेली असू शकते. दर अर्ध्या तासाने एकदा उचकी येत असेल तर कारण निराळे. लहान कार्डांवरच्या फॅट३२ या पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा लांब चित्रणाचे तुकडे करतो आणि उचकी जोडावर येते. कॅमकॉर्डरचे कार्ड असेल तर त्यातल्या मोजक्या फाइली न उचलता सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवावेत. तुकडे कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या फाइलींत असते.

सगळ्यात जिवाला लागणारा प्रसंग म्हणजे फोनची बॅटरी ऐन चित्रणात संपणे. फाइल शेकडो मेगाबाइटची दिसते, पण कुठेच उघडत नाही. एमपी४ फाइलीत चित्र-आवाजाचा ढिगारा एका भागात असतो आणि कोणती फ्रेम कुठे, किती वेळाची, याची अनुक्रमणिका दुसऱ्या भागात. फोन ही अनुक्रमणिका सहसा चित्रण थांबवल्यावर लिहितो. वीज गेली, अनुक्रमणिका राहिली. ढिगारा मात्र शाबूत असतो. त्याच फोनवर त्याच सेटिंगने काढलेली एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून दिली तर दुरुस्तीची काही सॉफ्टवेअरे तिच्यावरून अनुक्रमणिका पुन्हा रचतात. म्हणून अशी फाइल पुसू नये, आणि त्या कार्डावर नवे काही चित्रितही करू नये.

क्लिपांच्या जागी पिवळे त्रिकोण किंवा ‘मीडिया ऑफलाइन’ दिसले तर घाबरण्यासारखे काही नाही. प्रोजेक्टच्या फाइलीत व्हिडिओ नसतो, व्हिडिओ कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. पेनड्राइव्ह काढला किंवा फोल्डरचे नाव बदलले की पत्ता चुकतो. नवा पत्ता दाखवला की सगळे परत येते. २००० साली विंडोज मी बरोबर आलेला मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. त्यातले जुने प्रोजेक्ट उघडायची वेळ आली तर हे पत्ते आधी तपासावेत.

चित्रावरून वर-खाली सरकणारे काळसर पट्टे यांपैकी कशातच बसत नाहीत. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. एडिटरमध्ये हे पट्टे पुसट करता येतात, पूर्ण जात नाहीत. फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर पक्के ठेवले तर ते मुळातच येत नाहीत, आणि ते पडदा उघडण्याआधी करायला हवे.